कणगीभोवती उभा राहिलेला समाज

आजच्या स्वरूपाचा माणूस पृथ्वीवर सुमारे तीन लाख वर्षे वावरतो आहे. त्यातली जवळजवळ सगळी वर्षे त्याने शिकार करून, मासे धरून, कंदमुळे, फळे आणि बिया गोळा करून काढली. जमीन कसून अन्न पिकवण्याची रीत गेल्या अकरा-बारा हजार वर्षांतली आहे. महाराष्ट्रात तिचे जे पुरावे मिळाले आहेत, ते साधारण चार हजार वर्षांपूर्वीपासूनचे आहेत. एवढ्या थोड्या काळात कायमचे गाव, भिंतींचे घर, वडिलोपार्जित जमीन, गावाचा प्रमुख, पोटासाठी केवळ कारागिरी करणारा माणूस आणि शेवटी शहर, हे सगळे आकाराला आले.

हा बदल घडला तो प्रामुख्याने धान्याच्या साठ्यामुळे. शिकारीचे मांस चार दिवसांत नासते, रानातली फळे हंगामापुरती असतात. पण वाळवलेले धान्य वर्षभर टिकते. ते टिकवायचे तर एका जागी राहावे लागते, त्यावर पहारा ठेवावा लागतो, पुढच्या पेरणीसाठी बियाणे बाजूला काढावे लागते आणि कोणाला किती द्यायचे हे ठरवावे लागते. माणसामाणसांतले नवे संबंध या गरजांतून तयार झाले. ते कसे तयार झाले आणि त्यांची किंमत कोणी मोजली, याचा दख्खनमधला सर्वांत सविस्तर पुरावा पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव या प्राचीन वसाहतीत सापडला आहे.

शेतीचा उगम

शेती जगात एकाच ठिकाणी सुरू होऊन सगळीकडे पसरली, असे झाले नाही. पश्चिम आशियात गहू, जव, मसूर आणि वाटाणा; चीनमध्ये भात आणि राळ्यासारखी तृणधान्ये; मध्य अमेरिकेत भोपळा आणि मका; न्यू गिनीत अळू आणि केळी, अशी वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळी पिके माणसाने हाताशी धरली. ऑस्ट्रेलियात जन्मलेले पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९३० च्या दशकात या बदलाला ‘नवाश्मयुगीन क्रांती’ म्हटले. नाव रूढ झाले, पण हा बदल एका पिढीत झालेला नव्हता. रानातले दाणे गोळा करणे, त्यांतले काही मुद्दाम पेरणे आणि केवळ पेरलेल्यावरच जगणे, या टप्प्यांमध्ये अनेक ठिकाणी हजारो वर्षे गेली.

या काळात माणसाबरोबर वनस्पतीही बदलल्या. रानटी गव्हाची ओंबी पिकली की दाणे आपोआप गळून जमिनीवर विखुरतात. रोपाच्या दृष्टीने ते सोयीचे, पण कापणी करणाऱ्याच्या दृष्टीने नुकसानीचे. काही मोजक्या रोपांमध्ये दाणे ओंबीला चिकटून राहत. कापणीत तेच जास्त हाती लागत आणि पुढच्या वर्षी तेच पेरले जात. असे पिढ्यान् पिढ्या होत गेले आणि शेवटी माणसाने मळणी केल्याशिवाय दाणा न सोडणारा गहू तयार झाला. आता या पिकाला पसरण्यासाठी माणूस लागत होता आणि माणसाला जगण्यासाठी हे पीक.

भारतीय उपखंडात शेतीचा सर्वांत जुना भक्कम पुरावा आजच्या पाकिस्तानातील बलुचिस्तानात, मेहरगढ येथे मिळाला. तिथे इ.स.पू. ७००० च्या सुमारास लोक जव व गहू पिकवत होते, शेळ्या-मेंढ्या आणि पुढे वशिंडाची गुरे पाळत होते. मेहरगढच्या मातीच्या घरांपासून मोहेंजोदडो आणि हडप्पा या शहरांपर्यंतचा प्रवास साडेचार हजार वर्षांचा आहे. त्या शहरांमागे सिंधूच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या शेकडो पिढ्यांचे श्रम होते.

दख्खनला शेती उशिरा का आली?

महाराष्ट्रात माणसाचा वावर फार जुना आहे. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्यांच्या कवचापासून बनवलेले मणी सापडले असून ते सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे माणसे होती, कौशल्य होते, पण शेती नव्हती. याचे मोठे कारण जमिनीत आणि पावसात आहे. सह्याद्रीच्या पूर्वेचा पठारी मुलूख पर्जन्यछायेत येतो. तिथला पाऊस थोडा आणि बेभरवशाचा असतो. काळी कसदार जमीन ओलावा धरून ठेवते, पण उन्हाळ्यात ती कातळासारखी घट्ट होते, तिला भेगा पडतात आणि पावसात ती चिकट होते. लोखंडी फाळ हाती येण्याआधी असली जमीन मोठ्या प्रमाणावर नांगरणे कठीण होते. म्हणून पहिल्या शेतकऱ्यांनी नदीकाठची गाळाची, मळीची जमीन निवडली. तापी, प्रवरा, गोदावरी, घोड आणि भीमा यांच्या काठांवर त्यांची गावे वसली.

या काठांवर शेती दोन दिशांनी पोहोचली. उत्तरेकडून तापीच्या खोऱ्यातून आलेल्या परंपरेत गहू, जव, मसूर आणि वाटाणा ही हिवाळी पिके मुख्य होती. तापीकाठच्या सावळदा या गावावरून ओळखली जाणारी संस्कृती इ.स.पू. २००० च्या आसपासची आहे. तिच्यानंतर इ.स.पू. १६०० च्या सुमारास माळव्यातून आलेल्या शेतकऱ्यांच्या वस्त्या महाराष्ट्रात दिसू लागतात. नर्मदेकाठचे नावडातोली हे याच माळवा संस्कृतीचे मोठे गाव होते.

दुसरी परंपरा दक्षिणेकडची, कृष्णा आणि तुंगभद्रेच्या प्रदेशातली. उत्तर कर्नाटकात आणि लगतच्या प्रदेशात इ.स.पू. ३००० च्या सुमारास गुरे पाळणाऱ्या लोकांच्या वस्त्या सुरू झाल्या. त्यांच्या जागेवर आज राखेचे मोठे ढिगारे दिसतात. हे ढिगारे कशाचे, हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. १९५७ मध्ये रेमंड ऑल्चिन यांनी उत्नूर येथे उत्खनन केले आणि गुरांच्या गोठ्यांत साचलेले शेण वारंवार जाळल्यामुळे ही राख तयार झाल्याचे दाखवून दिले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी बुदिहाळ येथे अशाच ढिगाऱ्याशेजारी गुरांचा कोंडवाडा आणि दगडी हत्यारे घडवण्याची जागा उजेडात आणली. वनस्पतींचे अवशेष तपासल्यावर या लोकांच्या शेतीत कुळीथ, मूग आणि पावसाळी बारीक तृणधान्ये प्रमुख असल्याचे आढळले. ही पिके बाहेरून आलेली नव्हती. ती दक्षिण भारतातच माणसाळवली गेली.

कोल्हापूरचा प्रदेश या दोन परंपरांच्या मधल्या पट्ट्यात येतो आणि दख्खनच्या शेतीचे वैविध्य या एका जिल्ह्यात एकवटलेले दिसते. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तर पूर्वेला शिरोळमध्ये तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. घाटमाथ्याच्या उतारांवर भात आणि नाचणी, पूर्वेकडे शाळू आणि कडधान्ये, अशी परंपरागत पीकरचना याच पावसाने ठरवली. या शेतांतले कुळीथ आणि मूग दक्षिणेतले आहेत, गहू पश्चिम आशियातून आला आहे, तर ज्वारी, बाजरी आणि नाचणी मूळच्या आफ्रिकेतल्या आहेत. एका थाळीतली भाकरी आणि कुळथाचे पिठले यांच्यामागे दोन खंडांतल्या शेतकऱ्यांची कर्तबगारी आहे.

इनामगाव: एका गावाची नऊशे वर्षे

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे हे गाव आहे. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि तांबड्या रंगावर काळी नक्षी असलेली पातळ, खणखणीत भाजलेली मातीची भांडी तिथे मिळाली. तशीच भांडी पुढे महाराष्ट्रभर सापडत गेली आणि या संस्कृतीला जोर्वे हे नाव पडले. आज तिची दोनशेहून अधिक स्थळे माहीत आहेत. कोकण किनारा सोडला तर महाराष्ट्राचा बराच भाग तिने व्यापलेला होता. या लोकांना तांबे माहीत होते, पण ते दुर्मीळ असल्याने रोजच्या वापरात दगडी पाती असत. म्हणून या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात.

यातले सर्वांत कसून अभ्यासलेले गाव म्हणजे शिरूर तालुक्यातले, घोड नदीकाठचे इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे खोदकाम केले. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी या कामाचे नेतृत्व केले. पूर्वीची उत्खनने बहुधा उभी, खोल खड्ड्यांची असत. त्यांतून काळाचा क्रम समजतो, पण गाव दिसत नाही. इनामगावात आडवे, विस्तृत खोदकाम झाले आणि १३० हून अधिक घरांच्या जमिनी उघड्या पडल्या. चुली, साठवणीच्या जागा, अंगणे, रस्ते आणि दफने एकमेकांशी कशी जोडलेली होती, हे त्यामुळे कळू शकले. ढवळीकरांनी पुढे ही हकिकत ‘महाराष्ट्राची कुळकथा’ या पुस्तकातून मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली.

गावाच्या इतिहासाचे तीन कालखंड पडतात: माळवा (इ.स.पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (इ.स.पू. १४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (इ.स.पू. १००० ते ७००). भरभराटीचा काळ मधला. त्या काळातली घरे ऐसपैस आणि आयताकृती होती. बुटक्या मातीच्या भिंती, त्यांवर कुडाचा आडोसा आणि गवताचे छप्पर अशी त्यांची रचना असे. घरे ओळीने मांडलेली होती आणि दोन घरांमध्ये जाण्यायेण्यापुरती वाट सोडलेली होती. जागा कोणी कशी वापरायची, याविषयी गावात काही ठरलेले असल्याशिवाय अशी मांडणी पिढ्यान् पिढ्या टिकत नाही.

गावकरी काय खात होते, हे जळक्या दाण्यांवरून कळते. सुके दाणे मातीत कुजून जातात, पण चुलीत किंवा आगीत कोळपलेला दाणा हजारो वर्षे टिकतो. माती पाण्यात कालवली की हे हलके दाणे वर तरंगतात आणि चाळणीत गोळा करता येतात. इनामगावात जव हे मुख्य पीक होते. त्याशिवाय गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ आणि थोडा भातही मिळाला. बोरे, आवळे, जांभळे आणि खजूर गोळा केले जात. गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी आणि कुत्रा हे प्राणी गावात होते. त्यांच्याबरोबर काळवीट, चितळ, सांबर, ससा, कासव आणि मासे यांची हाडेही सापडली आहेत. शेती आली म्हणून रान सुटले नाही. पाऊस हुलकावणी देणाऱ्या प्रदेशात शिकार आणि रानमेवा हा आधार कायम राहिला.

साठा आणि सत्ता

इनामगावच्या घरांमध्ये धान्य साठवण्याच्या दोन रीती दिसतात. एक, जमिनीत खोदून चुन्याने लिंपलेले पेव. दुसरी, चोपून केलेल्या गोल ओट्यावर ठेवलेली कणगी. दोन्ही रीती दख्खनमध्ये अगदी अलीकडेपर्यंत चालू होत्या. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर बाजारपेठेत नावाजलेली होती. घराघरांत साठवणीची सोय होती, याचा अर्थ प्रत्येक कुटुंब आपापले धान्य राखत होते. शिकारी टोळीत मोठे सावज मारले की ते सर्वांत वाटले जाते, कारण उरलेले टिकणार नसते आणि उद्या दुसऱ्याच्या शिकारीतून आपला वाटा मिळणार असतो. कणगीतले धान्य वाटले नाही तरी बिघडत नाही. कुटुंबाची मालमत्ता ही कल्पना इथे पक्की होते आणि तिच्याबरोबर कमीअधिक असण्याचा प्रश्नही येतो.

गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर होते. ते गावातल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी एक आणि त्याला लागून धान्याचे कोठार होते. एका कुटुंबाला लागेल त्याहून जास्त धान्य साठवण्याची ही व्यवस्था होती. याच घराच्या अंगणात चार पायांचा एक मोठा मातीचा रांजण पुरलेला मिळाला. त्यात एका प्रौढ पुरुषाला मांडी घातलेल्या स्थितीत बसवून दफन केलेले होते. बाकीच्या प्रौढांना जमिनीत उताणे निजवून पुरत असत. राहण्याची जागा, कोठार आणि मृत्यूनंतरचा मान या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी एकत्र आलेल्या पाहून ढवळीकरांनी असा निष्कर्ष काढला की हे गावप्रमुखाचे घराणे असावे. गावकऱ्यांकडून धान्याचा वाटा गोळा करायचा, तो राखायचा आणि टंचाईत किंवा सामुदायिक कामात परत वापरायचा, ही त्याची जबाबदारी असावी. जोर्वे समाज सरदारकीच्या पायरीवर पोहोचला होता, हे त्यांचे मत यावर आधारलेले आहे.

असा प्रमुख का लागला, याचे उत्तर नदीकाठच्या बांधकामात मिळते. पूर्व जोर्वे काळात इनामगावच्या लोकांनी घोड नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी सुमारे चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल असा पाट खोदला आणि त्याच्या कडेने दगडमातीचा भक्कम बांध घातला. दगडी आणि लाकडी अवजारांनी एवढी माती उपसणे एकट्यादुकट्या कुटुंबाचे काम नव्हते. कोणी किती दिवस राबायचे, राबणाऱ्यांना काय खायला घालायचे, पाणी आधी कोणाच्या रानाला द्यायचे आणि फुटलेला बांध कोणी सांधायचा, हे ठरवणारी यंत्रणा त्यासाठी हवी. पाण्याचे काम गावाला एकत्र बांधते आणि त्याच वेळी कोणाच्या तरी हाती निर्णय सोपवते. ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ महाराष्ट्रभर ज्याच्या नावाने ओळखले जातात, त्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पाणी आणि सहकार्य यांचे हे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एका गावापलीकडेही पायऱ्या तयार झाल्या. बहुतेक जोर्वे वस्त्या लहान होत्या, पण एकेका खोऱ्यात एखादे मोठे केंद्र होते: तापीकाठी प्रकाशे, प्रवरेकाठी दायमाबाद, भीमेच्या खोऱ्यात इनामगाव. दायमाबाद या सर्वांत मोठे. जोर्वे काळात त्याभोवती बुरूज असलेली मातीची तटबंदी होती. तिथेच १९७४ मध्ये बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ताम्रशिल्पे सापडली. ती घडवणाऱ्या हातांनाही कोणाच्या तरी शेतातले धान्यच पोसत होते.

शेतात न राबणारे हात

शेतकऱ्याच्या घरी स्वतःच्या गरजेहून थोडे जास्त पिकू लागले की काही माणसे शेतातून मोकळी होतात. इनामगावात कुंभार, चुना भाजणारे, मणी घडवणारे, हस्तिदंताचे काम करणारे आणि सोनार यांच्या वस्तीचे पुरावे मिळाले. विशेष म्हणजे कारागिरांची घरे गावाच्या पश्चिम कडेला होती आणि सुस्थितीतल्या शेतकऱ्यांची मध्यभागी. ज्याच्या हाती जमीन आणि धान्य तो आत, ज्याच्या हाती कसब तो कडेला, ही रचना तीन हजार वर्षांपूर्वीच दिसू लागली होती. कुंभाराची भट्टी कडेला असण्यामागे धूर आणि आगीचे व्यावहारिक कारण असेल, पण हस्तिदंताच्या कामाला भट्टी लागत नाही. म्हणून या मांडणीत दर्जाचाही भाग असावा.

कारागिरांचे काम साधे नव्हते. जोर्व्याची भांडी चाकावर घडवलेली आणि चांगल्या तापमानात भाजलेली आहेत. तोटीचा चंबू आणि कंगोऱ्याचा वाडगा हे त्यांचे खास नमुने होत. नेवासे येथे एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि तिच्या दोऱ्यात रेशीम आणि कापूस ओळखले गेले. गावाबाहेरून येणारे तांबे, सोने, हस्तिदंत आणि शंख यांच्या मोबदल्यात देण्यासारखे काहीतरी गावात होते. ते बहुधा धान्य, गुरे किंवा भांडी असावीत.

जमीन आणि पूर्वज

एका जागी राहणाऱ्या समाजाचे मृतांशी नातेही बदलते. भटक्या टोळीला मृत मागे सोडून पुढे जावे लागते. इनामगावात मृत घरातच राहत. लहान मुलांना दोन कुंभांत, त्यांची तोंडे एकमेकांना जोडून, घराच्या जमिनीखाली आडवे पुरत. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून घरात किंवा अंगणात निजवत आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. सोबत वाडगा आणि तोटीचा चंबू ठेवत. मृताने घर सोडून जाऊ नये किंवा त्याच्या आत्म्याने भटकू नये, अशा समजुतीतून ही प्रथा आली असावी, असे अभ्यासकांना वाटते. कारण काहीही असो, परिणाम स्पष्ट आहे. ज्या जमिनीखाली आपली माणसे पुरली आहेत, त्या जमिनीवर कुटुंबाचा हक्क अधिक पक्का होतो. वारसा सांगण्यासाठी लेखी कागद नसलेल्या काळात पूर्वजांची हाडे हाच पुरावा ठरत असावा.

एका घराच्या जमिनीखाली मातीची लहान डबी सापडली. तिच्याबरोबर मस्तक नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल मिळाला. मस्तकहीन मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोके आहेत. त्यांत काडी घातली की मूर्ती बैलावर बसते. मातृदेवता आणि बैल ही जोडी शेतकरी समाजाच्या मनात काय होते ते सांगते. जमिनीची सुपीकता, बाईचे जननसामर्थ्य आणि बैलाचे बळ यांवरच त्यांचे वर्ष तरून जात होते.

शरीराने मोजलेली किंमत

शेतीने लोकसंख्या वाढली. भटक्या जीवनात मूल चालू लागेपर्यंत ते कडेवर वाहावे लागते आणि त्याचे दूधही लवकर तोडता येत नाही, त्यामुळे दोन मुलांत अंतर जास्त राहते. घर स्थिर झाले, धान्याची मऊ पेज हाताशी आली, तसे मुलांना दुधावरून लवकर काढता आले आणि बाळंतपणे जवळजवळ येऊ लागली. जास्त मुले जन्माला आली आणि शेताला जास्त हात मिळाले.

पण माणसाची प्रकृती मात्र सुधारली नाही. जगभरच्या सांगाड्यांवरून सुरुवातीच्या शेतकऱ्यांची स्थिती अनेकदा आधीच्या शिकाऱ्यांपेक्षा वाईट दिसते. एकाच धान्यावर भर दिल्याने आहार एकसुरी झाला. पिठूळ अन्नाने दात किडले. सीरियातील अबू हुरेरा येथील स्त्रियांच्या पायाची बोटे, गुडघे आणि पाठीचे मणके रोज तासन् तास गुडघ्यावर बसून दळल्याने झिजलेले आढळले. इनामगावातही दळणासाठी पाट्यासारखे दगड आणि वरवंटे होते. फिरते जाते अजून आलेले नव्हते. दळणकांडणाचे न संपणारे काम हा शेतीच्या इतिहासाचाच भाग आहे आणि तो मुख्यतः बायकांच्या अंगावर पडला. वस्ती दाट झाल्यावर घाण साचली, धान्यावर उंदीर आले, गुरांच्या सहवासातले आजार माणसांत शिरले. गोवराचा विषाणू हा गुरांच्या बुळकांडी रोगाच्या विषाणूचा जवळचा नातलग आहे.

इनामगावात सापडलेल्या दफनांपैकी बरीचशी लहान मुलांची आहेत. डेक्कन कॉलेजचे सु. रा. वाळिंबे आणि अमेरिकी मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाच यांनी इथल्या दातांचा अभ्यास केला. मूल वाढीच्या वयात उपाशी किंवा आजारी पडले की दाताच्या वरच्या थरात खोलगट उणीव राहते. अशा खुणा या मुलांच्या दुधाच्या दातांवर आढळतात, म्हणजे हाल आईच्या पोटात किंवा तान्हेपणीच सुरू झाले होते. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात मुलांच्या हाडांची वाढ तपासली आणि उत्तर जोर्वे काळात ती अधिक खुंटल्याचे दाखवले. कोठारे उभारणाऱ्या गावात भूक संपली नव्हती.

मागे वळलेली वाट

शेती सुरू झाली की समाज पुढेच जात राहतो, हा समज इनामगावने खोटा ठरवला. इ.स.पू. १००० नंतर गावाचे रूप पालटते. आयताकृती घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात आणि तीन-चार झोपड्या मिळून एक घोळका दिसतो. धान्याची कणगी आता चार चपट्या दगडांवर ठेवली जाते आणि तिचा आकारही लहान आहे. भांड्यांवरची नक्षी साधी होते. गुरांच्या तुलनेत शेळ्या-मेंढ्या आणि रानटी प्राण्यांच्या हाडांचे प्रमाण वाढते. गाव शेतीकडून पशुपालन आणि शिकारीकडे झुकले होते. इ.स.पू. ७०० च्या सुमारास ते ओस पडले. जोर्व्याच्या इतर अनेक वस्त्या तर त्याआधीच, इ.स.पू. १००० च्या आसपास उजाड झाल्या होत्या.

ढवळीकरांनी याचे कारण पाऊस घटण्यात पाहिले. दख्खनमध्ये वर्षाचा सरासरी पाऊसही शेतीला जेमतेम पुरतो. तो सलग काही वर्षे कमी पडला की बियाणेसुद्धा खाल्ले जाते. रॉबिन्स शुग यांच्या मते केवळ हवामान हे कारण पुरेसे नाही. वाढती लोकसंख्या आणि जमिनीची झीज यांचाही त्यात वाटा होता. दोन्ही मतांमधून निघणारा निष्कर्ष एकच: साठा जितका काळ पुरतो तितकाच काळ त्यावर उभी असलेली घरे, कारागिरी आणि सत्ता टिकते. साठा आटला की कुटुंबे विखुरतात, गोल झोपडीत राहतात, मेंढरे घेऊन फिरतात. दुष्काळी मुलखातल्या शेतकऱ्यासाठी फिरस्ती ही जुनी, जाणीवपूर्वक राखलेली पर्यायी वाट होती. तिच्यामुळेच माणसे तगली.

लोखंड, गाव आणि शहर

पठारावर शेती पुन्हा जोमाने पसरली ती लोखंडामुळे. विदर्भात इ.स.पू. पहिल्या सहस्रकात लोखंड वापरणारे लोक दगडी वर्तुळांत आपले मृत पुरत होते. नागपूर जिल्ह्यातील नाईकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. लोखंडी कुऱ्हाडीने जंगल तोडता आले आणि लोखंडी फाळाने काळी जमीन फोडता आली. नदीकाठच्या अरुंद पट्ट्यात अडकलेली शेती त्यामुळे पठारभर पसरली. पिकाचे प्रमाण वाढले आणि त्यावर शेतात न राबणारी अधिक मोठी लोकसंख्या जगू शकली. सातवाहन काळात पैठण, तेर, जुन्नर, नाशिक आणि कऱ्हाड ही नगरे भरभराटीला आली.

कोल्हापूरचा नगर म्हणून इतिहास याच काळात सुरू होतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. तिथे सातवाहन काळातली विटांची घरे आणि नाणी मिळाली. त्याच टेकाडावर सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आज शहरातल्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे. समुद्रापलीकडच्या वस्तू विकत घेणारे व्यापारी आणि विटांची घरे बांधणारे गवंडी पंचगंगेकाठी राहू शकले, कारण आजूबाजूच्या गावांतून त्यांच्यापर्यंत धान्य पोहोचत होते.

ब्रह्मपुरीपर्यंतच्या या प्रवासात शेतीने समाजाला गाव, वारसा, कारागिरी, पाण्याचे नियोजन आणि नगर दिले. त्याच प्रवासात मालमत्तेची विषमता, कारागिरांचे कडेचे स्थान, बायकांचे न मोजलेले श्रम आणि मुलांचे कुपोषणही आले. यातली कोणतीही गोष्ट मातीने किंवा बियाण्याने ठरवलेली नव्हती. धान्य किती पिकले यावर लोकसंख्या ठरली, पण ते कोणाच्या कणगीत गेले आणि टंचाईत कोणाला मिळाले, यावर समाजाचा स्वभाव ठरला.